गल्लीनं भिंत रंगवावी की आधी गटाराचं बघावं? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

गोदाकाठ: जुन्या नाशकातल्या एका गल्लीत घरटी वर्गणी काढून ४० फूट लांब, ८ फूट उंच भिंत रहिवाशांनीच रंगवायचा विचार आहे. काहींचं म्हणणं, तोच पैसा गटाराला लावा. माझं मत भिंतीच्या बाजूनं. रंग उडेल, पण सात-आठ रविवार एकाच बादलीतून रंग घेणारे वाडामालक आणि भाडेकरू पुढे एकमेकांचं दार वाजवतात. नाशिककरांना हे नवं नाही. रहाडी बघा. वर्षभर फळ्या आणि मातीखाली झाकलेला दगडी हौद रंगपंचमीला उघडायचा, साफ करायचा, रंग करायचा, पूजा करायची, मग धप्पे, म्हणजे हौदात उड्या. ही कामं त्या त्या भागातली मंडळीच वाटून घेत आली, म्हणून रहाड टिकली.

ओटा: रहाडीचं उदाहरण इथं बसत नाही. रहाड दरवर्षी उघडते, त्यामुळे कामही दरवर्षी परत येतं. भिंत एकदा रंगली की ती कुणाचीच नसते. दोन पावसाळ्यांत पोपडे येतात, मग त्यावर वाढदिवसाचे फलक. शिवाय गटार झिरपत असेल तर ओल भिंतीच्या पायातून वर चढते, खालच्या दीड-दोन फुटांत लोणा, म्हणजे खारट पांढरी पूड, लागतो. त्यावर कितीही भारी रंग द्या, सुटणारच.

परांची: ओलीचं ओटा यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण गटार हे महापालिकेचं काम, वर्गणी त्यात घालू नका, पाठपुरावा करा. आणि ते दुरुस्त होईपर्यंत ब्रश उचलू नका.

भिंत कुणाची हे आधी बघा, मालकाची किंवा सोसायटीची संमती लेखी घ्या. जुना चुना तारेच्या ब्रशनं खरवडून, धुऊन, पूर्ण वाळू द्या. चुन्यावरच अ‍ॅक्रिलिक दिला तर खालचा थर सुटतो आणि चित्र कागदासारखं सोलून निघतं. गिलावा नवा असेल तर २८ दिवस थांबा. ३२० चौरस फुटांना प्रायमर साधारण ३ लिटर, बाहेरच्या भिंतीचं इमल्शन दोन हातांना ६ ते ७ लिटर. गिलावा खरबरीत असेल तर दीडपट धरा. स्वस्त पडतो म्हणून डिस्टेंपर आणू नका, पावसात तो धुऊन जातो.

चित्र कागदावर १ फुटाला १ इंच या मापानं काढा आणि भिंतीवर खडू लावलेल्या सुतळीनं फुटाफुटाचे चौकोन पाडा. ३२० चौकोन होतात. १०० घरं असली तर घरटी तीन, उरलेले २० मुलांना. ज्याला चित्र येत नाही तोही चौकोन भरतो, हेच यातलं खरं सुख. काम बिघडतं ते इथंच: प्रत्येक जण आपली छटा कालवतो आणि शेजारचे चौकोन जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक रंग एकानंच, एकदाच कालवावा, डब्यावर नंबर टाकावा, अर्धा लिटर डागडुजीला बाजूला ठेवावा.

सिडकोकर: भिंतीपेक्षा ढोलपथक बरं. नाशिक ढोल ही आपली ओळख, सराव दरवर्षी होतो, पोरं बांधलेली राहतात.

ओटा: निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. गल्लीत २० ढोल वाजले तर ती पाळली जाईल का? आजारी माणसं, दहावीची मुलं तिथंच राहतात. सराव मोकळ्या मैदानावर, म्हणजे पुन्हा गल्लीच्या बाहेर. आणि भिंतीवर चित्र कसलं? सगळीकडे छापा ठेवून वारली उमटवतात. ती एका समाजाची लग्नचौकाची, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायच्या चौकाची, कला आहे, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची. पेठ-सुरगाण्याकडे वारली वस्ती आहे. तिथल्या चित्रकारांना मानधन देऊन बोलवा, नाहीतर दुसरं चित्र घ्या.

गोदाकाठ: मानधनाचं पटलं. विषय मात्र गल्लीतलाच हवा: तांबट आळीत भांडी, सराफ बाजारात तराजू. दरवर्षी पाडव्याआधीच्या रविवारी डागडुजी ठरवून टाकू, म्हणजे रहाडीसारखं काम परत येईल. वर्गणीतला चौथा हिस्सा त्यासाठीच.

ओटा: हे लेखी ठरलं तर वर्गणीला माझा विरोध नाही. एक अट. पाऊस सरल्यावर भिंतीच्या तळाशी दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा, २४ तासांनी उघडा. आतून थेंब दिसले तर या हिवाळ्यात रंग नाही.