‘सेव्हन’ दुसऱ्यांदा बघताना : काय बघावं, काय ऐकावं

डेव्हिड फिंचरच्या ‘सेव्हन’मध्ये (१९९५) सॉमरसेट आणि मिल्स हे दोन पोलीस ख्रिस्ती सात पापांवरून खून करणाऱ्याच्या मागावर असतात, आणि पहिल्या खेपेला बघताना सगळं लक्ष खुनी कोण याकडे लागलेलं असतं. त्यातली कारागिरी हाती लागते ती दुसऱ्या खेपेला. प्रकाश, आवाज, संकलन, पटकथा, ज्यांना ज्यातलं नीट कळतं त्यांनी ते सविस्तर लिहावं. शेवटासकट सगळं उघड बोलायचं आहे. पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं. १२७ मिनिटांचा आहे.

*

सुरुवात टीव्हीपासून करू, कारण या चित्रपटाचा अंधार घरी हमखास बिघडतो. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. मोशन स्मूदिंग बंद करा. मूळ चित्रण सेकंदाला २४ फ्रेम्सचं आहे. टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून घुसडतो आणि सगळं दैनंदिन मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. प्लेअर एचडीएमआयने जोडला असेल तर दोन्हीकडची काळ्या-पांढऱ्याची रेंज सारखी आहे का ते तपासा. एकीकडे ‘लिमिटेड’ आणि दुसरीकडे ‘फुल’ असेल, तर काळा रंग राखाडी पडतो नाहीतर सावलीतलं सगळं गिळून टाकतो.

कसोटीला पहिल्या खुनाचं घर घ्या. टॉर्चच्या झोताबाहेरच्या वस्तूंच्या कडा जेमतेम जाणवायला हव्यात. अजिबात जाणवत नसतील तर ब्राइटनेस एखाद-दोन घरं वाढवा, त्याहून जास्त नको. खोली स्वच्छ दिसायला लागली की दृश्य मेलं.

*

वरच्या मुद्द्याला जोडून. तो काळा रंग इतका दाट का, याचं एक कारण रसायनात आहे. रंगीत फिल्म धुताना त्यातली चांदी एरवी पूर्ण काढून टाकतात. ‘सेव्हन’च्या काही मोजक्या प्रिंट्समध्ये ती राखली होती. चांदी राहिली की काळा गडद होतो, कॉन्ट्रास्ट वाढतो, रंग फिके पडतात. पण नुसत्या प्रक्रियेवर श्रेय ढकलणं चूक आहे. छायाचित्रकार दारियुस खोंजी यांनी प्रकाशाचा उगम बहुतेक वेळा चौकटीतच ठेवला आहे: टेबललॅम्प, खिडकी, टॉर्च. त्यामुळे अंधार त्या खोलीचाच वाटतो, वरून चढवलेला वाटत नाही. फोनवर रंग उतरवून ‘डार्क लुक’ करू पाहणारे इथेच फसतात. दिवा कुठे आहे हे आधी ठरवावं लागतं.

*

आवाजाबद्दल थोडंसं. साउंडबारचा ‘नाइट मोड’ बंद ठेवा; तो मोठे आवाज दाबतो, बारीक वर आणतो आणि चढउतार संपवतो. शहराला नाव नाही, पण आवाज आहे: पाऊस, सायरन, भिंतीपलीकडची भांडणं. सॉमरसेट झोपताना मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) लावतो, कारण या गदारोळात तेवढी एकच लय त्याच्या हातात आहे. पुढे तो मेट्रोनोमच फोडतो. शेवटच्या माळरानावर पाऊस थांबलेला आहे, शहर मागे पडलंय, ऊन आहे. इतक्या वेळाने मिळालेल्या त्या मोकळेपणाचीच तिथे भीती वाटते.

*

संकलनाचा अभ्यास करायचा असेल तर एक यादी करा: पडद्यावर प्रत्यक्ष कोण कुणाला ठार मारताना दिसतं? यादीत एकच नोंद येते, शेवटी मिल्सने खुन्यावर झाडलेल्या गोळ्या. बाकी सगळं आपण पोलिसांबरोबर, घडून गेल्यावर बघतो. वासनेच्या प्रकरणात तर हत्याराचा फक्त फोटो आणि एका हादरलेल्या माणसाचा जबाब आहे. भयंकर भाग आपल्याकडूनच पूर्ण करून घेतला जातो. आणि म्हणूनच अनेकांना न दाखवलेली दृश्यं पाहिल्यासारखी आठवतात.

शेवटी माळरानावर येणाऱ्या खोक्याचंही तेच. आत काय आहे ते कॅमेरा कधीच दाखवत नाही. खोकं उघडणाऱ्या सॉमरसेटचा चेहरा पुरतो. पुढे मिल्स घोडा ओढण्याआधी त्याच्या बायकोचा, ट्रेसीचा चेहरा काही फ्रेम्सपुरता चमकून जातो. तिथे पॉज करू नका. वेगातच बघा, कारण तो मिल्सच्या डोक्यात उमटलेला क्षण आहे आणि थांबवला की नुसता फोटो उरतो.

*

पटकथा अँड्र्यू केविन वॉकर यांची. खुनी कोण हे रहस्य खरं तर कोणी उलगडतच नाही. अर्ध्या तासाच्या आसपास चित्रपट उरलेला असताना खुनी स्वतःच पोलीस ठाण्यात येऊन उभा राहतो, आणि सातांपैकी दोन पापं अजून बाकी असतात. प्रश्न ‘कोण’वरून ‘आता काय’वर येतो. रहस्यपट लिहू पाहणाऱ्यांनी हे वळण पुन्हा पुन्हा वाचावं. उत्तर लवकर देऊनही ताण वाढतो, कारण गणित अपुरं आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं.

आपल्याकडे वाचक चटकन षड्रिपूंची आठवण काढतो. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच जुळतात. मोह त्या ख्रिस्ती यादीत नाही, आणि खादाडपणा आणि आळस आपल्या यादीत नाहीत. मोठा फरक मात्र दृष्टीचा आहे. पापाचा निवाडा बाहेरचा कोणी करतो, रिपू आत बसलेला असतो. खुनी पहिल्या पद्धतीने विचार करतो: पाच जणांचा निवाडा करतो, मत्सर स्वतःच्या नावावर लिहितो. सातवा, क्रोध, त्याला मिल्सच्या आतून बाहेर काढावा लागतो. ते झालं नाही तर त्याचं सगळं काम अर्धवट राहणार, म्हणूनच सॉमरसेट मिल्सला थांबवण्यासाठी इतका जिवाच्या आकांताने बोलतो.

*

दोन खुणा राहिल्या. आळसाच्या खोलीबाहेर जिन्यात एक छायाचित्रकार मिल्सचा फोटो काढतो आणि मिल्स त्याच्यावर डाफरतो. तोच खुनी. पुढे त्याच्या घरात तो फोटो सापडतो. पहिल्यांदा बघताना तो लक्षात येत नाही, याला खुनी झालेल्या केविन स्पेसीचं नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नसल्याची मोठी मदत झाली.

आणि रिमोट उचलायची घाई नको. शेवटची श्रेयनामावली नेहमीसारखी खालून वर नाही, वरून खाली सरकते.