लिबरल स्टडीजच्या एम.ए.ला खिचडी म्हणणाऱ्यांना

निर्झरा : काल कोरडवाहू यांनी लिहिलं, "लिबरल स्टडीजची एम.ए. म्हणजे खिचडी. एकही विषय धड झेपत नाही त्यांनी पैसे मोजून घ्यायची पदवी." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास, गणित असं सगळं एकत्र शिकवणारी ही पदवी मी केली आहे. न्यू जर्सीत बँकेतली नोकरी, दोन पोरं आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग. चार वर्षं लागली. एक्केचाळिसाव्या वर्षी युक्लिडचं पहिलं प्रमेय फळ्यावर सोडवताना हात थरथरत होता. शाळेत भूमितीत मी काठावर पास झालेली.

अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठाने हा अभ्यासक्रम १९५३ साली सुरू केला, तिथल्याच डार्टमथ कॉलेजने १९७० मध्ये. तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये तत्त्वज्ञान, राजकारण-समाज, साहित्य, गणित-विज्ञान, इतिहास या पाचांपैकी चार भाग करावे लागतात. तिथे वर्गात व्याख्यान नसतं. मूळ ग्रंथ वाचून यायचं आणि टेबलाभोवती बसून बोलायचं, न वाचता आलेला दहा मिनिटांत उघडा पडतो. बाबासाहेबांनीही कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र घेतलं. तीही खिचडी?

कोरडवाहू : बाबासाहेबांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६. १९१५ च्या एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर. कणा एकच होता. आणि तुम्हाला पगार चालू होता. माझ्या भाचीला हीच पदवी घ्यायची आहे आणि मग नोकरी शोधायची आहे. प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट परीक्षेच्या यादीत लिबरल स्टडीज नावाचा विषयच नाही. कॉलेजांच्या जाहिराती निघतात इतिहासाच्या, मराठीच्या, अर्थशास्त्राच्या. हिचा अर्ज छाननीतच बाजूला पडणार.

तासिकावाला : नेट-सेटचं मला सांगू नका. इतिहासात एम.ए., सेट, पीएच.डी. आयुष्यभर एकच विषय धरला. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर आहे. उन्हाळ्यात पैसे नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत नाहीत. गेल्या वर्षी मार्चचं मानधन ऑगस्टात मिळालं. कायम जागेच्या मुलाखतीला गेलो तेव्हा एका माणसाने व्हरांड्यात बोलावून आकडा सांगितला.

मृदगंध : किती ते लिहा ना. आमच्या हिलाही सांगितला होता.

तासिकावाला : नाही लिहिणार. अजून तिथेच तास घेतो.

निर्झरा : भरतीचा प्रश्न खरा आहे, पण आपण पदवीबद्दल बोलत होतो.

मृदगंध : पदवीचा शेवट भरतीतच होतो, ताई. हिने सेट काढली तेव्हा पेढे वाटले होते आम्ही. आज ती सकाळी एका कॉलेजात दोन तास घेते, दुपारी दुसऱ्या गावात दोन. एसटीचं भाडं वजा करून काय उरतं ते घरात कुणी विचारत नाही. तुम्हाला अमेरिकेत बसून युक्लिड आठवतो.

निर्झरा : अमेरिका काढू नका. परळच्या चाळीत वाढले मी. बाबा गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर घरात पैसा नव्हता, म्हणून आर्ट्सचा फॉर्म फाडून मला कॉमर्सला घातलं. "नोकरी लागेल ते शीक." शिकले, लागली नोकरी. तो फाडलेला फॉर्म वीस वर्षं डोळ्यांसमोर होता. ही पदवी मी त्यासाठी केली, आणि तिला कुणी खिचडी म्हटलं की मला लागतं.

कोरडवाहू : गिरणीचं माहीत नव्हतं. "झेपत नाही" हे शब्द मागे घेतो. तेवढेच. भाची बावीस वर्षांची आहे आणि कर्ज दाजींच्या घरावर काढायचं चाललंय. त्या पदवीबद्दल माझं मत बदललेलं नाही.

निर्झरा : घरावर कर्ज? बाविसाव्या वर्षी? मग नको. हे काल सांगितलं असतंत तर मी वेगळं लिहिलं असतं. आधी तिला एका विषयात एम.ए. करू दे, कमावू दे. हे नंतरही करता येतं, मी केलंच की.

तासिकावाला : कोणत्या विषयात? इतिहास म्हणत असेल तर फॉर्म भरण्याआधी माझ्याशी बोलायला सांगा.