शाळेच्या सूचना रात्री दहाला मोबाईलवर का? दोन दिवस आधी डायरीत का नाही?

दुसरीची आई, डोंबिवली

जरा मोठं होईल पण लिहितेच. मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यम. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मैत्रिणींशी बोलले तर सगळीकडे हेच चाललंय. गेल्या आषाढीच्या वेळची गोष्ट. रात्री पावणेदहाला वर्गाच्या ग्रूपवर मेसेज, उद्या शाळेत दिंडी आहे, मुलांनी पांढरा सदरा लेंगा आणि टोपी, मुलींनी नऊवारी, डोक्यावर तुळस, कपाळाला गंध. मी तेव्हा लोकलमध्ये उभी होते, फोन पर्समध्ये. घरी पोचून बघितलं तर सव्वादहा, दुकानं बंद, सदरा होता तो मागच्या वर्षीचा आणि तो दंडात अडकत होता. सकाळी पोरगं युनिफॉर्ममध्येच गेलं. बाईंनी कुठून तरी एक टोपी आणून घातली त्याला, बाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण घरी आल्यावर तो म्हणाला की फोटो काढताना मला मागे उभं केलं.

माझं म्हणणं एवढंच की आषाढी एकादशी काही अचानक येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती वर्षभर आधी छापलेली असते. दहीहंडी, 15 ऑगस्ट, बालदिन, स्नेहसंमेलन, सहामाही, सगळ्याचं तसंच. मग या गोष्टी दोन दिवस आधी डायरीत लिहून का येत नाहीत? आमच्या लहानपणी यायच्या, खाली आईची सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बाई सही बघायच्या. मोबाईल फक्त तातडीच्या निरोपाला ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

तिसरीचा बाबा, ठाणे

ताई तुमच्या मुलाचं वाईट वाटलं, पण डायरी हा उपाय नाही हो. माझी मुलगी तिसरीत आहे, पहिलीपासून डायरी आहे. होतं काय तर बाई फळ्यावर लिहितात, मुलं उतरवून घेतात, तेवढ्यात घंटा होते आणि अर्धं वाक्यच घरी येतं. एकदा आमच्याकडे "बुधवारी रंगीत" एवढंच आलं होतं. रंगीत काय? कपडे की कागद की खडू? शेवटी ग्रूपवरच विचारावं लागलं. आणि डायरी दप्तरात तळाला, आम्ही दोघं नोकरीवरून येतो आठ साडेआठला, जेवण, अभ्यास, झोप. फोन मात्र हातात असतो. मेसेज निदान दोघांना एकाच वेळी दिसतो, नाहीतर शाळेचं सगळं आईनेच लक्षात ठेवायचं असं होतं, ते मला पटत नाही.

दुसरं म्हणजे 18 ऑगस्ट 2025 आठवा. सोमवार होता, मुंबईत पाऊस इतका की सकाळची मुलं शाळेत पोचलेली आणि मग दुपारच्या सत्राला महापालिकेने सुट्टी दिली, दुसऱ्या दिवशी मंगळवारी तर सगळ्यांनाच. तेव्हा डायरी काय कामाची होती? त्या दिवशी ग्रूप नसता तर किती आईबाप पाण्यातून शाळेपर्यंत जाऊन परत आले असते.

दुसरीची आई, डोंबिवली

दादा पावसाचं मी स्वतःच वेगळं काढलंय, तातडीचा निरोप फोनवरच यावा, यावर वाद नाही. पण पावसासाठी जे लागतं तेच दिंडीसाठी का वापरायचं? आणि फळ्यावरून उतरवायला नको म्हणून छापील चिठ्ठी द्या ना, चार ओळींची, डायरीत चिकटवा. एका ए-फोर कागदात चार चिठ्ठ्या होतात, चाळीस मुलांना दहा कागद. आम्ही पालक रीम आणून देऊ.

जि.प. शाळेतला शिक्षक, सातारा जिल्हा

सतरा वर्षं शिकवतोय म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमची शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन, म्हणजे एकाकडे दोन दोन वर्ग. शाळेच्या वेळात फोन हातात घेत नाही आणि घेऊही नये. वरून आदेश येतो तो आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुख मुख्याध्यापकांच्या ग्रूपवर टाकतात आणि मग तो आमच्यापर्यंत. हे सगळं होईपर्यंत संध्याकाळ झालेली असते, आणि त्यात लिहिलेलं असतं की उद्या माहिती भरा, उद्या फोटो पाठवा. मी घरी जाऊन जेवून मेसेज टाइप करतो तेव्हा नऊ वाजून जातात. तुम्हाला वाटतं शाळा ऐनवेळी सांगते, शाळेलाच ऐनवेळी कळलेलं असतं.

आणि आणखी एक, आमच्याकडे काही आयांना वाचता येत नाही. त्यांना चिठ्ठी दिली तर त्या मुलालाच विचारणार काय लिहिलंय, आणि पहिलीतलं मूल काय वाचून दाखवणार. त्यांच्यासाठी मी आवाज रेकॉर्ड करून टाकतो. उद्या जंताची गोळी आहे, जेवून पाठवा, ताप असेल तर मला आधी सांगा कारण आजारी मुलाला ती देत नाहीत. तो निरोप त्या दोनदा ऐकतात आणि शेजारणीलाही ऐकवतात. कागदाने हे कसं होणार?

दिंडीचं मात्र ताईंचं बरोबर आहे. ते आधी सांगता येतं आणि सांगायलाच हवं. मी स्वतः एकदोनदा चुकलोय.

भाचीची आत्या

सर तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलते, तुमच्याकडच्या आयांकडे फोन तरी आहे. आमच्या घरात मोठा फोन एकच आणि तो माझ्या भावाकडे, भाऊ ट्रकवर. वहिनी गेल्यापासून भाची माझ्याकडे आहे, चौथीत. शाळेच्या ग्रूपमध्ये नंबर भावाचा. तो कधी नगर रोडला, कधी गुजरातला, गाडी चालवताना मेसेज बघत नाही आणि बघूही नये. रात्री ढाब्यावर थांबला की बघतो आणि मला साध्या फोनवर कॉल करतो की अगं उद्या असं असं आहे. कधी कधी तो निरोप दोन दिवसांनी येतो. शिष्यवृत्तीच्या जादा तासाचं आम्हाला असंच उशिरा कळलं, आठवडाभर पोरगी गेलीच नाही. बाई म्हणाल्या ग्रूपवर टाकलं होतं ना. बरोबर आहे टाकलं होतं, पण घरी पोचलं नव्हतं.

तिसरीचा बाबा म्हणतात फोन हातात असतो. कोणाच्या हातात असतो तेही बघा ना.

निवृत्त मुख्याध्यापिका, कोल्हापूर

आमच्या शाळेच्या फाटकाशी काळा फळा होता. शिपाईमामा रोज सकाळी पुसून नवी सूचना लिहायचे, आणि मुलाला सोडायला आलेला आजोबा, भाजीवाली, रिक्षावाला सगळे वाचायचे. वाचता न येणाऱ्याला दुसरा कोणीतरी सांगायचा. आज कित्येक शाळांत तो फळा सुविचारापुरता उरलाय. परत वापरा.

रेडिंगहून, दोन मुलांचा बाप

इंग्लंडमध्ये असतो, मूळचा नाशिकचा. मुलगी इथल्या ज्युनियर स्कूलमध्ये आहे, सात ते अकरा वर्षांच्या मुलांची शाळा. इथे दर शुक्रवारी शाळेचं पत्र ईमेलवर येतं, पुढच्या आठवड्याचं आणि पुढच्या महिन्याचं सगळं त्यात. सुट्ट्यांच्या तारखा तर वर्षभर आधी ठरलेल्या असतात, वर्षातले पाच दिवस शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळा मुलांना बंद असते तेही आधीच कळतं. त्या बदल्यात पालकांवरही बंधन आहे, परवानगी न घेता मुलाला पाच दिवस घरी ठेवलं तर दंड होऊ शकतो, 2024 च्या ऑगस्टपासून तो 80 पौंड झालाय. मला वाटतं शुक्रवारचं एकच पत्र ही गोष्ट आपल्याकडे सहज जमेल. पालकाला एक सवय लागते की शुक्रवारी बघायचं.

तरी खरं सांगतो, मार्चमध्ये पुस्तक दिनाला मुलांना गोष्टीतल्या पात्राचा वेश करून जायचं असतं, महिनाभर आधी सांगितलेलं असतं, आणि आदल्या रात्री आम्ही घरातल्या चादरी कापत बसतो. तेव्हा आधी सांगितलं की सगळं सुरळीत होतं असंही नाही.

तिसरीचा बाबा, ठाणे

रेडिंगवाले दादा, तिथे शाळेच्या ऑफिसात हे पत्र काढायला माणूस असतो. इथे सातारचे सर दोन वर्ग शिकवून, खिचडीची नोंद ठेवून, निवडणुकीत बीएलओचं काम करून वर साप्ताहिक पत्र काढणार का? शिक्षकावर आणखी एक काम टाकायला माझा विरोध आहे.

पहिलीची आई, नागपूर

मला ग्रूपचा खरा त्रास वेगळाच वाटतो. बाईंचा एक मेसेज आणि खाली साठ जणांचे हात जोडलेले, मग कोणाचा तरी वाढदिवस, मग औषधाचा फॉरवर्ड, कामाचं वर निघून जातं. आणि अफवा. माझा मोठा मुलगा तेव्हा पहिलीत होता, 2018 चा नोव्हेंबर, 27 तारखेपासून गोवर रुबेलाची लस शाळाशाळांत द्यायला सुरुवात झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना. आमच्या ग्रूपवर कोणीतरी कुठलाही आगापिछा नसलेला व्हिडिओ टाकला की ही लस देऊ नका, आणि लशीच्या दिवशी अर्धा वर्ग घरी. हेडसरांनी सगळ्यांना बोलावून तासभर समजावलं तेव्हा कुठे लोक तयार झाले. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की ग्रूपवर फक्त शाळेलाच लिहिता यावं, तशी सेटिंग असते, एका मिनिटात होते.

व्हॅनवाल्या मुलांची आई, पिंपरी

याला माझा पूर्ण विरोध. सगळ्यांची तोंडं बंद केली की ग्रूप म्हणजे नुसता भोंगा होतो, शाळा बोलणार आणि आम्ही ऐकायचं. एक दिवस आमची व्हॅन बंद पडली होती, काकांचा फोन लागेना, मी ग्रूपवर विचारलं आणि दोन मिनिटांत एका पालकाने सांगितलं की मुलं अमुक चौकात आहेत, मी थांबलोय त्यांच्यासोबत. बाई तेव्हा वर्गावर होत्या, त्यांना काय दिसणार? साठ नमस्कार चालतील मला, पण हे बंद नको.

दुसरीची आई, डोंबिवली

दोन ग्रूप करा मग, एक शाळेचा आणि एक आपला. व्हॅनचं आपल्या ग्रूपवर.

आत्याताईंचं वाचल्यावर मी माझं म्हणणं जरा बदलते. मला वाटत होतं माझा प्रश्न वेळेचा आहे, पण निरोप पोचला की नाही हे शाळेने बघायचं की नाही, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. सहीची डायरी हेच करत होती. सही नाही म्हणजे निरोप पोचला नाही, हे बाईंना दुसऱ्या दिवशी कळायचं. दोन निळ्या टिकांनी ते कळत नाही, भावाने बघितलं म्हणजे आत्याला कळलं असं नाही ना.

आणि हे मागायची जागा आहे आपल्याला. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात 75 टक्के पालकच असतात. खाजगी शाळांत फी नियंत्रणाच्या 2011 च्या कायद्याने वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक शिक्षक संघ करायचा असतो. आमच्याकडे त्या बैठकीला चाळीसातले नऊ पालक येतात, मीही दोन वर्षं गेले नाही. या वेळी जाणार आणि दोनच गोष्टी मागणार. आधी ठरलेल्या कार्यक्रमांची यादी जूनमध्ये छापून द्या, आणि आदल्या रात्री सांगितलेली वस्तू नाही आणली म्हणून कुठल्या मुलाला मागे उभं करू नका.

तिसरीचा बाबा, ठाणे

दुसरी मागणी शंभर टक्के मान्य. यादीही मान्य, एकदाच छापायची आहे. रोजच्या डायरीला मात्र अजून नाहीच म्हणेन.

जि.प. शाळेतला शिक्षक, सातारा जिल्हा

आत्याताई, तुमच्या बाईंना भेटून एवढंच सांगा की आमच्याकडे मोठा फोन नाही, साध्या फोनवर कॉल करा. माझ्या हजेरीपटाच्या मागे अशी पाच नावं लिहिलेली आहेत, त्यांना मी रात्री फोन करतो किंवा वाटेत घरी सांगून जातो. तुम्ही सांगितलं नाहीत तर आम्हाला कळत नाही, आम्ही ग्रूपमध्ये नंबर दिसला की पोचलं असं समजतो. हा आमचा दोष आहे.

भाचीची आत्या

सांगते सर, उद्याच जाते. हे मी शेजारच्या मुलीच्या फोनवरून लिहितेय. आत्ताच भावाचा कॉल आला होता, तो वापीला पोचलाय. म्हणाला ग्रूपवर संध्याकाळी मेसेज आलाय, उद्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो पाठवा, उद्या शेवटचा दिवस. आमच्या गावात झेरॉक्सचं दुकान नाही, तालुक्याला आहे, आणि ते दहाला उघडतं.