मदत हवी आहे: पोस्टडॉक, शिफारसपत्र अडलंय (तातडीचं)

पठारावरची: मुदत शुक्रवारी रात्रीपर्यंत, म्हणून थेट मुद्द्यावर येते. वित्तीय अर्थशास्त्रातल्या एका पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेला, अर्ज करतेय. सीव्ही, प्रस्ताव, जॉब मार्केट पेपर (नोकरीच्या अर्जासोबत द्यायचा मुख्य शोधनिबंध) तयार आहे. तीन शिफारसपत्रं मागितलीत. गाइड म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही ठोकतो." पण पोर्टल लिंक थेट त्यांच्या मेलवर पाठवतं, मला पत्र चढवताच येत नाही. "गाइडशी बोला" एवढं सोडून काहीही सांगा.

फोंडेकर: देश कुठला? व्हायवा (पीएचडीची तोंडी परीक्षा) झाला का? लोकांनी काय अंदाज बांधायचे?

पठारावरची: जर्मनी. व्हायवा झाला, पदवीचं नोटिफिकेशन यायचंय.

फोंडेकर: म्हणजे पदवी हातात नाही. जाहिरात नीट वाचा. 'रुजू होईपर्यंत पीएचडी' असेल तर निभावेल. 'अर्ज करताना' असेल तर व्हायवा झाल्याचं पत्र तरी विद्यापीठाकडून घ्या.

बार्देसकर: त्यापेक्षा पोर्तुगीज पासपोर्ट काढा. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधी गोव्यातलाच असेल ना? लिस्बनला जन्माची नोंद केली की युरोप मोकळा.

पठारावरची: पासपोर्ट विचारला नव्हता.

माशेलची: आणि तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, तेही सांगा की बार्देसकर. मी मेरी क्युरी या युरोपियन युनियनच्या संशोधन फेलोशिपवर गेले. तिथे नागरिकत्व बघतच नाहीत. गेल्या ३६ महिन्यांत जिथे जायचंय त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नको, ही अट मात्र कडक. तिकडेच अर्ज करा, मुदत बहुधा सप्टेंबरात असते.

फोंडेकर: तिचा शुक्रवार आहे हो, तुम्ही सप्टेंबर काय सांगताय?

माशेलची: बरं. "लिहून आण" हे आपल्याकडे सर्रास चालतं, पण अख्खं पत्र देऊ नका. तुमचा प्रस्ताव आणि ते पत्र एकाच हातचं आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. पानभर मुद्दे द्या: कुठला पेपर, डेटा कसा जमवला, सेमिनारात काय आक्षेप आले. "हुशार, मेहनती, सुस्वभावी" असल्या पत्राला तिकडे कोणी विचारत नाही. विषय काय?

पठारावरची: गोव्यातली लोहखनिजाची खाणबंदी आणि सहकारी बँका-सोसायट्यांची कर्जं. २०१२ आणि २०१८. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा हे खाणींचे तालुके एका बाजूला, बाकीचे तालुके दुसऱ्या.

माशेलची: मग पत्रात हेच येऊ दे! बंदी काही बँकेच्या हातात नव्हती. कर्ज बुडालं ते बँकेने देतानाच डोळे झाकले म्हणून की धंदाच बसला म्हणून, हे वेगळं काढता येतं.

फोंडेकर: इतकं सोपं नाही. २०१२ ला हात पोळल्यावर बँकांनी खनिज वाहणाऱ्या टिप्पर-बार्जना (ट्रक आणि नदीतल्या बोटी) कर्ज देणं आखडलं असेल, तर २०१८ ला ८८ खाणींच्या लीजा गेल्या त्याचा धक्का तेवढा बसणारच नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल.

पठारावरची: ते पेपरात आहे. पत्राचं बोला ना.

साखळीकर: आमच्या भावाचा टिप्पर अजून घरामागे गंजतोय, टायरांतून रान उगवलंय. कर्जमाफीचे कागद बँकेने एवढ्यातेवढ्यावरून परत केले. त्यावर कोणी लिहिलंय का?

पेडणेकार: जर्मनी कशाला? जीपीएससीची (गोवा लोकसेवा आयोग) असिस्टंट प्रोफेसरची जाहिरात बघा. कोकणी येतेच. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मात्र आत्ताच काढा, मामलेदाराकडे खेपा पडतात.

पठारावरची: गाइड सर म्हणतात पोर्टलची लिंक आलीच नाही. स्पॅममध्येपण नाही.

फोंडेकर: मेल कुठला दिलात?

पठारावरची: डिपार्टमेंटचा. तो ऑफिसातली क्लार्क बघते.

फोंडेकर: घ्या! सरांचा स्वतःचा विद्यापीठाचा मेल टाका. आणि अर्ज सबमिट केलाय ना? बरीच पोर्टलं त्यानंतरच लिंक सोडतात.

पठारावरची: नाही. पत्रं आल्यावर करणार होते. नंतर पेपर बदलता येतो का?

माशेलची: बहुतेक नाही. आज रात्री पेपर शेवटचा वाचा, सकाळी सबमिट करून सरांना फोन लावा. शुक्रवार रात्र जर्मनीच्या घड्याळाची, आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाट. पण सर पहाटेचे उठून पत्र चढवतील या भरवशावर राहू नका.