कडक थर फोडायचाय, पण वरची माती उलटायची नाही. सबसॉयलर कोणता घ्यावा?

बिननांगरी:
नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर ५५ एचपीचा आहे. काही वर्षांपासून नांगरट बंद केली आहे, पीक निघालं की धसकटं जागेवर ठेवून तसंच पेरतो. वरची माती छान भुसभुशीत झाली, गांडुळंही दिसायला लागली. पण जोराचा पाऊस झाला की खालच्या अंगाला पाणी तुंबून राहतं. तुरीची झाडं उपटून पाहिली तर सोटमूळ वीतभर सरळ जातं आणि मग काटकोनात आडवं वळतं. पहारही तिथंच अडते. थर जुना, पल्टी नांगराच्या काळातला असणार, त्यात हार्वेस्टर आणि भरल्या ट्रॉल्यांनी भर घातली.

पुन्हा नांगर घातला तर एवढ्या वर्षांची मेहनत मातीखाली जाईल, म्हणून माती फार न हलवता खोल दाताने खालचा थर फोडणारा सबसॉयलर बघतोय. समोर तीन प्रकार आहेत. एक, साधा एका दाताचा जड. दोन, दोन दातांचा, फाळाला दोन्ही बाजूंना पंख म्हणजे आडव्या पात्या, पुढे पाचट कापणाऱ्या तबकड्या, मागे रोलर. तीन, बाजूला वाकवलेल्या दातांचा. विकणारा सांगतो ६० सेंटीमीटर खोल जातो, डोळे झाकून घ्या. काय घ्यावं?

आबा_ट्रॅक्टरवाले:
एक दाताचा घे. मोडायला काही नाही त्यात. आणि घालायचाच तर पूर्ण खोल घाल, वरवर खाजवून काय होणार? जितका खोल तितका चांगला.

वापसा_बघा:
आबा, रागावू नका, पण खोलीच्या बाबतीत तुमच्याशी जमत नाही. मी दुसऱ्यांच्या रानात सबसॉयलर घेऊन जातो, धंदाच तो आहे. सगळ्यात जास्त डिझेल वाया जातं ते ‘आणखी खोल घाला’ म्हणणाऱ्यांच्या रानात.

दादा, आधी यंत्र बाजूला ठेवा आणि खड्डा खणा. पहारेवर फार विश्वास ठेवू नका, सुकलेल्या मातीत ती कुठंही अडते. ओल असताना, वापशाच्या सुमारास, दोन-तीन ठिकाणी गुडघाभर खड्डे घ्या. खड्ड्याची एक भिंत सरळ तासा आणि सुरीचं टोक वरून खाली दर बोटाला टोचत या. सुरी सहज जाते, मग अडते, मग परत सहज जाते. अडते तो तुमचा थर. तिथली माती फोडली की पापुद्र्यासारखी आडव्या चकत्यांत सुटते, मुळं त्या चकत्यांच्या मधून सरपटत गेलेली दिसतात. थर कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे दोन्ही आकडे लिहून ठेवा. पेनेट्रोमीटर, म्हणजे मातीत दाबून ती किती घट्ट आहे ते काट्यावर दाखवणारी सळई, मिळाला तर उत्तम. काटा २ मेगापास्कलच्या, म्हणजे साधारण ३०० पीएसआयच्या वर गेला की बहुतेक पिकांची मुळं तिथं रखडतात. पण तोही ओल्या मातीतच वापरायचा.

फाळाचं टोक थराच्या तळाखाली ३ ते ५ सेंटीमीटर चालायला हवं. बस. थर ३० वर संपत असेल तर ३५ पुरे झाले. ६० ला काही काम नाही.

आता खोलीचा मुद्दा, कारण खरी गोम तिथं आहे. प्रत्येक फाळाला त्याची एक हद्द असते. हद्दीच्या वर चालला तर माती वर उचलली जाते आणि दोन्ही बाजूंना तिरप्या भेगा पडत जातात. हद्दीच्या खाली गेला तर वरच्या मातीचं ओझं इतकं होतं की माती उचलतच नाही, बाजूला दाबली जाते. मग मिळते ती गुळगुळीत भिंतींची एक फट, आणि त्या भिंती आधीच्या थराइतक्याच घट्ट. साध्या अरुंद फाळाला ही हद्द ढोबळमानाने त्याच्या रुंदीच्या सहापट. म्हणजे ५ सेंटीमीटरचा फाळ ३० च्या आसपास. ओल जास्त असली तर हद्द त्याहूनही वर, म्हणजे उथळ. आबांचा एक दात ६० ला घातला तर ट्रॅक्टर कण्हेल, धूर काढेल, काम झाल्यासारखं वाटेल, आणि खाली एक फट सोडून काही झालेलं नसेल.

पंख लावले की हद्द खाली सरकते, कारण उचलणारी रुंदी वाढते. ओढ थोडी वाढते, पण तेवढ्या ताकदीत कितीतरी जास्त माती मोकळी होते. म्हणून माझं मत दोन नंबरला.

पण घेताना पुढच्या गोष्टी हात लावून बघा. दाताची पट्टी २० ते २५ मिलिमीटर जाडीची असावी. जाड पट्टी वर ढेकळं काढत जाते. फाळ जमिनीशी फार उभा नको, २०-२५ अंशांनी कललेला असेल तर सहज शिरतो आणि मातीही कमी उसळते. पंखांची मागची कड पुढच्या कडेपेक्षा किती उंच आहे ते बघा. ती उचल जितकी जास्त तितकी वर उलथापालथ जास्त. तुम्हाला कमी उचलीचे, शक्यतो बदलता येणारे पंख हवेत. तबकडी दाताच्या बरोबर समोर, एका रेषेत असली पाहिजे. बोटभर इकडंतिकडं झाली तर पाचट कापलं जात नाही, दाताला गुंडाळत जातं.

दोन दातांमधलं अंतर फ्रेमवर सरकवता आलंच पाहिजे. बिनपंखी दाताला खोलीच्या एक ते दीडपट, पंखाच्या दाताला दीड ते दोनपट अंतर चालतं. ३५ खोलीला पंखाचे दोन दात ५० ते ७० सेंटीमीटरवर येतात. त्याहून लांब ठेवले तर मध्ये न फुटलेला पट्टा राहतो.

५५ एचपीला दोन दात ३५ वर म्हणजे ताणूनच आहे. पुढे वजनं लावा, आणि मागे रोलर लटकणार असल्याने हायड्रॉलिकची उचलायची क्षमता आधी बघून घ्या. चाकं १५ टक्क्यांच्या वर घसरायला लागली तर खोली कमी करा किंवा एक दात काढा. वेग ताशी ४-५ किलोमीटर. जोरात पळवलं की माती उडते.

वाकड्या दाताचा प्रकार वाईट नाही. वर जमीन सगळ्यात सपाट तोच ठेवतो. पण प्रत्येक दात एका बाजूला ओढतो, म्हणून डावा-उजवा जोडीनंच हवा, आणि रानात दगड असतील तर माझ्या मते नकोच.

बिननांगरी:
एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. खड्डे घेतले. खालच्या अर्ध्या रानात थर १८ ते २९ सेंटीमीटर आहे. वरच्या अर्ध्यात सुरी कुठं अडतच नाही! आता विचारायचं ते असं: दात बरोबर चाललाय हे ओळखायचं कसं? माती हलणारच नसेल तर वरून कळणार काय? आणि एका यंत्राला दगडासाठी शिअर बोल्ट आहे, म्हणजे दगड लागला की आधी स्वतः तुटून दात वाचवणारा, दुसऱ्याला दात मागे सरकू देणारी स्प्रिंग. यातलं कोणतं बरं?

चोपण_जमीनवाला:
मध्येच बोलतो. माती एकदा तपासून घ्या. आमची जमीन चोपण, सोडियम जास्त. सबसॉयलर छान चालला, पण पहिल्या मोठ्या पावसात माती विरघळल्यासारखी होऊन सगळ्या भेगा बुजल्या. नंतर जिप्सम टाकून मगच पुन्हा घातला, तेव्हा टिकला. तुमची तशी नसेल तर सोडून द्या.

वापसा_बघा:
चोपणवाले बरोबर बोलले, तपासणी करून घ्याच.

वरच्या अर्ध्यात थर नाही ना, मग तिथं यंत्र घालू नका. ज्याला दुखणं नाही त्याला औषध कशाला?

ओळखायचं कसं, हा प्रश्न लाखमोलाचा. माती न हलवणाऱ्या यंत्राची हीच फसवी बाजू आहे. काम उत्तम झालं तरी वर सपाट, आणि खाली नुसती फट पडली तरी वर सपाटच. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हातात द्या आणि यंत्राच्या बाजूने चालत जा. दात आणि रोलरच्या मध्ये जमीन तीन-चार बोटं फुगून, लाट गेल्यासारखी, परत बसताना दिसली पाहिजे. धसकटं उभीच्या उभी वर येतात आणि खाली बसतात. पायाखालीही ती उसळी कळते. लाट नाही म्हणजे काम नाही. मग वीस-एक पावलांवर थांबून दाताच्या रेषेला आडवा खड्डा घ्या. दोन दातांच्या मधली माती हाताने सुटली पाहिजे. दाताच्या जागी गुळगुळीत, चकाकणारी भिंत दिसली तर त्या दिवशी काम बंद, ओल जास्त आहे.

ओल बघायची ती थराच्या तळाची. तिथली मूठभर माती घेऊन तळहातावर वळा. ३ मिलिमीटरची वळी न तुटता होत असेल तर थांबा. वळताना तुटून भुगा झाला तर चालू करा. अगदीच कडक वाळली असेल तर मोठाली ढेकळं उपसून येतील, मग पंख कितीही चांगले असोत.

आणखी एक. पाणी खालच्या अंगालाच तुंबतंय म्हणता, तर ते थरामुळेच तुंबतंय की बाहेर जायला वाटच नाही? बांधाचा चर बुजला असेल तर आधी तो उकरा. नाहीतर मोकळी केलेली माती जास्त पाणी पिऊन बसेल आणि ट्रॅक्टर आत रुतेल.

रोलर हलका ठेवा. त्याचं काम उचललेली माती नीट बसवणं आणि खोली राखणं, चेपणं नव्हे. मोकळी केलेली माती आधीपेक्षा नाजूक असते. चाकाच्या पहिल्याच फेरीत बरंच नुकसान होतं, म्हणून ट्रॉली, फवारणी सगळं ठरलेल्या चाकोरीतूनच. लगेच खोल मुळाचं पीक घ्या, तूर असो की ताग. भेगांतून मुळं गेली तरच त्या उघड्या राहतात. दरवर्षी सबसॉयलर घालायची सवय लावून घेऊ नका, पुढच्या वेळी आधी सुरी, मग यंत्र.

बोल्ट की स्प्रिंग? दगड क्वचित लागत असेल तर शिअर बोल्ट पुरतो, यंत्र हलकं राहतं, आणि ५५ एचपीला वजन महत्त्वाचं. दगड वारंवार असेल तर स्प्रिंग, नाहीतर अर्धा दिवस बोल्ट बदलण्यातच जातो. फक्त बोल्ट सारखा तुटतो म्हणून त्याच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट ठोकू नका, मग फ्रेम वाकते. सांगितलेल्या ग्रेडचे चार जादा बोल्ट टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा.

आबा_ट्रॅक्टरवाले:
बरं बाबा, पंखाचा घे. पण पंख झिजले की आधी रुंदी कमी होते, मग तुमची ती हद्द पण वर येणार. सुटे पंख, फाळ जवळ कुठं मिळतात ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस.