अनुभव धागा: हातातला गेम कन्सोल मराठवाड्याच्या उन्हात, धुळीत अन् लोडशेडिंगमध्ये कसा टिकतो?

निंटेंडोचा स्विच, व्हॉल्वचा स्टीम डेक, एसूसचा रॉग अलाय, सोनीचा जुना पीएसपी, नाहीतर जत्रेत मिळणारा चारशे गेमचा डबा. कोणता घ्यावा यावर यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ आहेत, पण बहुतेक एसीत बसून केलेले. आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढं जातो, ज्वारी-सोयाबीनच्या मळणीत घरभर भुस्सा उडतो आणि लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून वापरणाऱ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी लिहावं: काय चांगलं, काय बिघडतं, का बिघडतं. नुसतं 'मस्त आहे, घ्या' नको.

गोदाकाठ (नांदेड)

पहिला मुद्दा उन्हाचाच. स्विच आणि स्टीम डेक दोन्हींना कंपनीनं वापराची वरची मर्यादा ३५ अंश दिलेली आहे. हे खोलीचं तापमान, यंत्राचं नव्हे. पत्र्याच्या खोलीत दुपारी एवढं तर मार्चमध्येच होतं. यंत्र लगेच बंद पडत नाही. आधी पंखा ओरडतो, मग चिप स्वतःचा वेग उतरवते, गेम अडखळायला लागतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर यंत्र झोपी जातं. चिप अशी स्वतःला सांभाळून घेते, मार बसतो बॅटरीला. गरम यंत्र चार्जिंगला लावून तसंच खेळत राहिलं की बॅटरीची क्षमता लवकर उतरते, पुढं ती फुगते. स्क्रीनची एक कड वर आलेली दिसली किंवा मागचं झाकण फाकलं, तर चार्जर काढा आणि यंत्र बंद करा. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नसते.

डेकवर उपाय आहे. उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण, त्यात परफॉर्मन्स, त्यात टीडीपी लिमिट, म्हणजे चिपनं किती वीज ओढायची त्याची मर्यादा. १५ वॅटवरून ८-९ वर आणा, फ्रेम सेकंदाला ४० वर बांधा. टूडी आणि जुन्या गेममध्ये फरक कळतसुद्धा नाही, मोठ्या गेममध्ये मात्र कळतो. स्विचला ही सोय नाही. तिथं उजेड कमी करणं आणि फ्लाइट मोड एवढंच हातात आहे. दोन्ही यंत्रं मागून हवा ओढतात आणि वरून सोडतात, तेव्हा गादीत रुतवून खेळायचं नाही.

कापूसपट्टा (सेलू)

वरच्याला जोड: कुलरच्या थेट झोतातही बसू नका. बोअरचं पाणी जड, त्याचे तुषार सुकले की यंत्राच्या हवेच्या जाळीवर पांढरा थर बसतो. कुलर तिरका ठेवा.

वॅटतास (लातूर)

पॉवर बँकेचं गणित कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितो. एमएएच बघू नका, वॅटतास (Wh, म्हणजे साठलेली एकूण ऊर्जा) बघा. १०,००० एमएएच म्हणजे साधारण ३७ वॅटतास, त्यातले पाऊण हिस्सा पदरात पडतात, म्हणजे २७-२८. स्विचची बॅटरी ४३१० एमएएच, म्हणजे १६ वॅटतास; ती दीडेक वेळा भरेल. पहिल्या, एलसीडी स्क्रीनच्या स्टीम डेकची ४० वॅटतासांची, नंतरच्या ओएलईडी स्क्रीनवाल्याची ५०. त्यांना दहा हजारवाली बँक एकदाही पुरत नाही, वीस हजारवाली लागते. शिवाय डेकसाठी ४५ वॅट पीडी (पॉवर डिलिव्हरी, यूएसबी-सीवरचं वेगवान चार्जिंग) लिहिलेलीच घ्या. १८ वॅटची लावली तर जड गेममध्ये ती चालू असूनही बॅटरी उतरतच राहते आणि लोक म्हणतात बँक खराब निघाली.

कंपनीचे आकडे: पहिला स्विच अडीच ते साडेसहा तास, २०१९ चा सुधारलेला साडेचार ते नऊ, डेक एलसीडी दोन ते आठ. मोठ्या गेमला यातला खालचाच आकडा धरा. देवगिरी एक्स्प्रेसनं परभणीहून मुंबईला जाताना डेक अख्खा प्रवास पुरेल ही आशा सोडा. डब्यातले सॉकेट सैल असतात, पिन लोंबकळली की ठिणगी पडते.

लाईट येते-जाते तेव्हा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. इन्व्हर्टरवर चार्जिंगला हरकत नाही. पण राउटर बंद पडला की ऑनलाइन गेम संपला, त्यामुळे राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावलेला बरा.

काळी माती (जालना)

आता काठीबद्दल, म्हणजे अॅनालॉग स्टिकबद्दल, कारण दुकानात सर्वांत जास्त तेच येतं. बोट न लावता पात्र आपोआप चालायला लागतं, ते ड्रिफ्ट. आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर धातूची पत्ती घासते. पट्टा झिजतो, भुकटी पडते, त्यात आपली बारीक धूळ काठीच्या बुडाशी असलेल्या रबराच्या स्कर्टखालून आत जाते. आपल्याकडं हे लवकर होणारच.

स्विचवर क्रमानं करा. आधी सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, तिथं कॅलिब्रेट. फरक नाही पडला तर जॉय-कॉन (स्विचच्या बाजूचा निघणारा कंट्रोलर) काढून स्कर्ट टूथपिकनं हलका उचला, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, काठी गोल फिरवा, अर्धा तास वाळू द्या. धूळ असेल तर सुटतं. पट्टाच झिजला असेल तर आठवडाभरात परत येतं. पेट्रोल, थिनर, गंज काढायचा स्प्रे यातलं काहीही नको. प्लॅस्टिक जातं, तेलकट थरावर आणखी धूळ चिकटते.

झिजलेली काठी बदलायची. जॉय-कॉनच्या पाठीमागे तीन पाकळ्यांचे ४ स्क्रू असतात, त्याला वाय-शून्य-शून्य (Y00) बिट लागतो. साधा फुली स्क्रूड्रायव्हर चालवला की डोकं गुळगुळीत होतं, मग ड्रिल करण्याशिवाय मार्ग राहत नाही. उघडताना झटका देऊ नका, दोन्ही भागांमध्ये रिबन असतात. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग रिबनचं छोटं कुलूप नखानं उचला आणि नंतरच रिबन ओढा. कुलूप तुटलं तर बोर्डाचं काम निघतं, म्हणजे काठीच्या कितीतरी पट खर्च. नवी घालताना हॉल इफेक्टची घ्या. तिच्यात चुंबक आणि सेन्सर, घासणारा पट्टाच नाही. बसवल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करायचं.

स्विच लाइटला हेच काम अख्खं यंत्र उघडून करावं लागतं, कारण काठ्या अंगालाच जोडलेल्या. स्विच लाइट हलका आहे, खिशाला परवडतो, पण टीव्हीला जोडता येत नाही आणि दुरुस्तीला असा अवघड. लहान पोरांना दिला की हे दोन्ही आठवायला लागतं.

रेंज नाही (कळंब)

नेटचं पण बघा. दिवसाला दोन जीबीच्या पॅकवर शंभर जीबीचा गेम कधी उतरायचा? इथं स्विचची कार्ट्रिज (गेम भरलेलं छोटं कार्ड) कामाला येते: जवळपास कुठल्याही देशातली चालते, बऱ्याच गेमचा सगळा डेटा तिच्यातच असतो, खेळून झाल्यावर विकताही येते. पाकिटावर 'डाउनलोड आवश्यक' लिहिलंय का ते मात्र वाचून घ्या. वाईट बाजू: निंटेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही, ईशॉप या तिच्या ऑनलाइन दुकानाच्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर.

डेकचे गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून येतात, तिथं रुपयांत किंमत, यूपीआय चालतं. पण डेकही आपल्याकडं आयात करूनच येतो. रॉग अलाय अधिकृत मिळतो. त्यात विंडोज आहे, गेम जवळपास सगळे चालतात, फक्त झोपवून ठेवल्यावर बॅटरी खाण्याची खोड आहे. ठेवताना झोपवू नका, हायबरनेट (पूर्ण बंद, पण खेळ तिथंच राखून) करा.

डेकवाल्यांनी घरात एका कॉम्प्युटरवर गेम उतरवून लोकल नेटवर्कनं डेकवर घ्यावा, स्टीममध्ये ती सोय आहे. नेट परत जळत नाही. गावाकडं नेण्याआधी प्रत्येक गेम एकदा नेट चालू असताना सुरू करा आणि मग ऑफलाइन मोड लावा. नाहीतर तिथं पोचल्यावर गेम लॉगिन मागत बसायलंय, अन् रेंज गच्चीवरच.

चारशे-एक (अंबाजोगाई)

चारशे गेमच्या डब्याला एवढं हसू नका राव. गेम एकच असून चार नावांनी येतात हे खरं, पुढं सेव्ह होत नाहीत हेही खरं, आणि ते परवान्याचे नसतात. पण बॅटरी जुन्या नोकियाची बीएल-५सी, कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर लावा. बटण दाबलं जात नसेल तर उघडून रबराखालचा काळा ठिपका अल्कोहोलनं पुसा. बोर्डावरचा काळा डांबरासारखा थेंब म्हणजे चिप, ती गेली तर डबा गेला.

थोडे जास्त पैसे असतील तर जुने गेम चालवणारी मियू मिनी प्लस किंवा आरजी-३५एक्सएक्स ही छोटी यंत्रं. साडेतीन इंची स्क्रीन, जुन्या गेमला पुरेसं. सोबत येणारं बिननावाचं मेमरी कार्ड पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर कॉपी करून चांगल्या ६४ जीबी कार्डावर घ्या, ते कार्ड दगा देतंच. काही स्वस्त यंत्रं सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाहीत, कारण पोर्टवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर टाकलेले नसतात. बिघडलं म्हणून परत करू नका, जुन्या चौकोनी टोकाची केबल लावा.

प्रश्न (हिंगोली)

जुना स्विच घ्यायचाय, संभाजीनगरच्या पैठण गेटला बघायला चाललोय. काय तपासू भाऊ?

काळी माती (जालना)

मागं मॉडेल वाचा: एचएसी-००१ च्या पुढं कंसात (-०१) असेल तर जास्त बॅटरीवाला. दुकानातच वायफाय लावून ईशॉप उघडा. उघडलं नाही तर कन्सोलवर कंपनीनं बंदी घातलेली असू शकते, मग ऑनलाइन काहीच नाही. दोन्ही काठ्या कॅलिब्रेट स्क्रीनवर फिरवा, बोट सोडल्यावर खूण मध्यावर आली पाहिजे. जॉय-कॉन रुळात घालून जरा हलवा, जोडणी तुटायला नको. कार्ट्रिज आणि मेमरी कार्ड दोन्ही वाचून बघा, चार्जर लावून पोर्ट हलवा, आणि पंधरा मिनिटं जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका. ओएलईडी स्विच असेल तर स्क्रीनवरची पातळ फिल्म कंपनीचीच असते. दुकानदार 'काढून ग्लास लावून देतो' म्हणाला तर थांबवा, ग्लास त्या फिल्मवरूनच लावायचा.