मदत हवी आहे: डेस्मोप्रेसिनचा नाकातला स्प्रे बेळगावात कुठं मिळेल?

मंडळी, नमस्कार. आम्ही खानापूरचे. बाबांच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ काढल्यापासून लघवी थांबेना, दिवसाला ८-९ लिटर. उशाशी भरून ठेवलेली कळशी पहाटेपर्यंत रिकामी. शेजारचे "शुगर आहे, भात सोडा" म्हणतात. शुगर अगदी नॉर्मल आहे हो! मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगणारं व्हासोप्रेसिन हार्मोनच कमी पडतंय, म्हणून डेस्मोप्रेसिनचा स्प्रे चालू आहे. आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस, त्या 'डायबेटिस'नंच सगळा घोळ केलाय.

आयसीयूत सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गानं बीपी कोसळतं तेव्हा, ते वर आणायला व्हासोप्रेसिन देतात हे कळल्यावर आई घाबरली, बाबांना आधीच बीपी आहे. पण डॉक्टर म्हणाले, डेस्मोप्रेसिन हे त्याचं बदललेलं रूप, काम मुख्यतः मूत्रपिंडावर, बीपीवर फारसं नाही. औषध घेऊन वर सवयीनं पाणी ढोसलं तर मात्र सोडियम उतरतं, म्हणून रक्त तपासत राहायचं.

आता अडचण. खडेबाजार, टिळकवाडीत चार मेडिकलं फिरलो, "मागवून देतो" एवढंच. बाटली चार दिवसांची उरलीय. कोल्हापूर गाठू का? आणि आमच्या बाटलीवर २ ते ८ अंश लिहिलंय. एसटीतून आणताना बर्फ कसा ठेवता? गोळीवर गेलेलं कुणी आहे का?